स्टेपनी गेली, जोखीम राहिली

मोटारीच्या डिकीत पडून असलेल्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द इंग्रजी आहे असे आपण गृहीत धरतो. पण आजच्या इंग्लंडातील सामान्य मोटारचालकापुढे तो उच्चारला तर त्याला बहुधा काहीच बोध व्हायचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे. रस्त्यात पंक्चर झाले की तिथेच बसून टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि पुन्हा हवा भरायची, असा मामला होता. वेल्समधील लानेली या गावच्या टॉमस मॉरिस डेव्हिस या गृहस्थाने १९०४ मध्ये यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेले एक बिनआऱ्यांचे कडे त्याने तयार केले. पंक्चर झालेल्या चाकालाच ते बाहेरून जखडायचे आणि गाडी पुढे हाकायची. त्याचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी. तिकडे शब्द विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र तो असा रुजला की ऐनवेळी कामाला येणाऱ्या राखीव माणसालाही आपण स्टेपनी म्हणू लागलो.

आज शंभराहून अधिक वर्षांनी उलटा प्रकार घडतो आहे. शब्द शिल्लक आहे आणि वस्तू नाहीशी होत चालली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. जास्तीत जास्त नऊ आसनांच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर जादा चाक देण्याचे बंधन राहिले नाही. जागा वाचेल, विजेवरच्या गाड्यांत मोठी बॅटरी बसवता येईल, असे कारण त्या वेळी सांगण्यात आले. ते खोटे नव्हते. टाटांची टियागो ईव्ही, एमजीची इवलीशी कॉमेट या गाड्या स्टेपनीविनाच बाजारात आल्या. त्यापूर्वीपासूनच, २०१२ साली भारतात आलेल्या ‘मिनी’सारख्या आकाराने छोट्या पण किमतीने मोठ्या मोटारींनी वेगळा मार्ग धरला होता. तो म्हणजे हवा गेली तरी काही अंतर धावणारे ‘रनफ्लॅट’ टायर.

आता या गाड्यांचे टायर झिजू लागले आहेत, आणि ते बदलण्याची वेळ आलेल्या मालकाला टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : रनफ्लॅटच टाकायचे की साधे? दुसरीकडे, साधे टायर असलेल्या छोट्या गाडीच्या मालकाला, ‘थोडे पैसे घाला आणि पंक्चरची कटकट कायमची मिटवा’ असा सल्ला देणारेही भेटतात. वरकरणी हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. पण जरा खोलात गेले की ध्यानात येते, की इथे प्रश्न रबराचा कमी आणि जबाबदारीचा अधिक आहे. रस्त्यात हवा गेली तर त्या क्षणाची जोखीम कोणी उचलायची? गाडी बनवणाऱ्याने, रस्ता बांधून त्यावर टोल घेणाऱ्याने, की गाडीत बसलेल्याने?

बाजूभिंतीची करामत

साध्या टायरमध्ये मोटारीचे वजन मुख्यतः आतली हवा पेलते. रबर त्या हवेला कोंडून धरते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये दुमडते, चिरडली जाते आणि थोड्याच अंतरात टायर निकामी होतो. रनफ्लॅटमध्ये ही बाजूभिंत उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर घालून इतकी भक्कम केलेली असते, की हवेवाचूनही ती काही काळ वजन पेलू शकते. ब्रिजस्टोनचे असे टायर १९८७ साली पोर्शच्या ९५९ या वेगवान गाडीवर आले. पुढे बीएमडब्ल्यूने आणि तिच्याच छत्राखालच्या मिनीने हे तंत्र नित्याच्या वापरात आणले.

या करामतीला मर्यादा आहे. हवा गेल्यानंतर सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरहून अधिक नसलेल्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर, एवढाच तिचा वायदा असतो. गाडी पूर्ण भरलेली असेल, ऊन कडक असेल, रस्ता खराब असेल तर तोही आखडतो. कारण हवेविना धावताना बाजूभिंत सतत वाकते, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि ती उष्णता रबराला आतून खात असते. दुसरे असे, की रनफ्लॅटमधली हवा गेल्याचे चालकाला हाताला फारसे जाणवतच नाही. म्हणून दाब दाखवणारी यंत्रणा नसलेल्या गाडीवर रनफ्लॅट बसवणे हा निव्वळ अविचार होय. हवा गेली आहे हे ठाऊक नसलेला चालक शंभरच्या वेगाने जात राहील आणि टायर त्याला न सांगताच संपेल. शिवाय ज्या गाड्या मुळापासून रनफ्लॅटसाठी आखलेल्या असतात, त्यांच्या रिमची कड टायर निसटू नये अशा बेताने घडवलेली असते आणि स्प्रिंगांची जुळणीही त्या कडक टायरचा हिशेब धरूनच केलेली असते. साध्या छोट्या गाडीला ही पूर्वतयारी नसते. तेव्हा स्विफ्ट वा वॅगन आर यांच्या मालकांनी या मोहात पडू नये, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

ऐंशी किलोमीटरचे गणित

ज्या देशांत हे तंत्र वाढले तिथे ८० किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. तेवढ्या अंतरात त्याच मापाचा टायर ठेवणारा दुकानदार आणि तो चढवणारे यंत्र दोन्ही सापडतात. हेच गणित आपल्याकडे मांडून पाहा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. त्यावर कुठेही हवा गेली तरी या किंवा त्या टोकाच्या शहरात पोचता येते. इथे रनफ्लॅट आपली किंमत वसूल करतो. रात्री घाटात, ट्रकांच्या रांगेला खेटून, पावसात जॅक लावत बसण्यापेक्षा सावकाश खोपोलीला उतरणे केव्हाही श्रेयस्कर. एकटीने रात्री प्रवास करणारी स्त्री, वयस्कर माणूस, पाठीचे दुखणे असलेला चालक यांच्या दृष्टीने ही सोय चैनीची नव्हे.

पण गाडी कोकणात उतरली, किंवा गडचिरोलीहून भामरागडकडे निघाली, की ८० किलोमीटरचा अर्थ बदलतो. तेवढ्या अंतरात गाव लागेल, पंक्चरचे दुकानही लागेल. पण मिनीच्या १९५/५५ आर १६ या मापाचा रनफ्लॅट तिथे कोणी मांडून ठेवलेला नसेल. असला तरी त्याची ताठ बाजूभिंत रिमवरून उतरवायला खास यंत्र लागते. पहार आणि हातोडा यांचे ते काम नव्हे. साध्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर रस्त्याकडेचा कारागीर शंभर-दीडशे रुपयांत, चाक न काढता, दहा मिनिटांत प्लग मारून देतो. हवेविना धावलेल्या रनफ्लॅटचे तसे नाही. त्याची बाजूभिंत आतून किती भाजली आहे हे बाहेरून कळत नाही, आणि म्हणून अशा टायरची दुरुस्ती करू नये असाच बहुतेक उत्पादकांचा सल्ला असतो. म्हणजे एका खिळ्याची किंमत एक नवा टायर. समोरच्या टायरची झीज जुळत नसेल तर दोन.

त्यात पुरवठ्याचा प्रश्न आहे. असे टायर बऱ्याच अंशी परदेशातून येतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली, तेव्हा महागड्या गाड्यांच्या मालकांना टायर म्हणजे केवळ पैशाचा प्रश्न नसतो हे प्रथमच उमगले. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. पण ही सवलत दोन्ही प्रकारांना सारखीच असल्याने निवडीच्या पारड्यात तिचे वजन पडत नाही.

आणि खड्डे? ते आपल्या रस्त्यांचे स्थायी भाव आहेत. साध्या टायरची लवचीक बाजूभिंत खड्ड्याचा दणका काही प्रमाणात पोटात घेते. रनफ्लॅटची ताठ भिंत तो रिमकडे आणि तिथून प्रवाशाच्या पाठीच्या कण्याकडे पोचवते. मिश्रधातूचे रिम वाकणे, त्याला चीर जाणे हे प्रकार त्यातून उद्भवतात. खड्ड्याच्या धारेने बाजूभिंतच फाटली, तर रनफ्लॅटच्या ८० किलोमीटरांचीही शाश्वती उरत नाही.

अमेरिकेचा अनुभव

ही वाट आपल्याआधी अमेरिकेने चोखाळली आहे. तेथील ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१५ साली पाहणी केली, तेव्हा त्या वर्षीच्या नव्या मोटारींपैकी ३६ टक्के स्टेपनीविना विकल्या जात असल्याचे आढळले. २००६ मध्ये हेच प्रमाण ५ टक्के होते. कारण साधे होते. सरकारने इंधनबचतीची उद्दिष्टे कडक केली आणि वजन घटवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणून कंपन्यांनी डिकीतले चाक काढून टाकले. गाडीच्या किमतीत मात्र ग्राहकाला त्याची भरपाई दिसली नाही. पुष्कळांना स्टेपनी नसल्याचा शोध प्रथम लागला तो रस्त्याच्या कडेला, डिकी उघडल्यावर.

चाकाच्या जागी आलेला दुरुस्ती संच म्हणजे हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्र हा द्रव बुजवतो. बाजूभिंतीला चीर गेली असेल किंवा छिद्र मोठे असेल तर तो निरुपयोगी. शिवाय बाटलीवर औषधासारखी मुदत छापलेली असते, आणि ती वाचणारा मालक विरळा. आपल्याकडे खिळ्याच्या जोडीने खड्डाही टायरचा शत्रू आहे, हे ध्यानात घेता हा संच स्टेपनीची जागा कितपत भरून काढेल हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक धडा मिशेलिनच्या ‘पॅक्स’ पद्धतीचा. यात टायरच्या आत रिमभोवती आधाराचे कडे असे आणि रिमही खास घडणीचे लागे. कल्पना उत्तम होती. परंतु साधा टायर त्या रिमवर बसत नसे आणि दुरुस्ती करणारी दुकाने मोजकीच. २००७ साली मिशेलिनने तिचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले, आणि त्या पद्धतीच्या गाड्या घेतलेले लोक अडकून पडले. एखादे तंत्र कितीही चांगले असले तरी त्याभोवती दुकाने, यंत्रे आणि कारागीर यांचे जाळे नसेल तर त्याचा भार अखेर ग्राहकाच्या माथी येतो, हे त्याचे तात्पर्य.

पण अमेरिकेने एक गोष्ट वेळीच केली. फायरस्टोनचे टायर आणि फोर्डची एक्स्प्लोरर यांच्या अपघातमालिकेनंतर ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा केला आणि त्यातून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा २००८च्या मॉडेलांपासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र ही यंत्रणा म्हणजे स्टेपनी न देण्याच्या सवलतीची एक अट. ज्या गाडीत स्टेपनी आहे, तिला दाब दाखवण्याची सक्ती नाही! वास्तविक कमी हवा हाच टायर फुटण्यामागचा मोठा अपराधी. हवा कमी असलेला टायर वेगात अधिक वाकतो, तापतो आणि अखेर फुटतो. हे होऊ नये म्हणून आधी सावध करणारे यंत्र स्वस्तातल्या गाडीला अधिक हवे. आपण ते महाग गाडीची शोभा मानून बसलो आहोत.

देवाची करणी नव्हे

या साऱ्याला महाराष्ट्रात अलीकडे एक नवी निकड आली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावातल्या गावात चालणारी छोटी गाडी, चार-पाच वर्षांचे टायर, महिन्यामहिन्यात न तपासलेली हवा, आणि भर उन्हात त्या काँक्रीटवर सलग दोन-तीन तास. ही जुळणी धोक्याची आहे. झिजलेल्या टायरच्या गाड्यांना प्रवेशद्वारावरूनच परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाला काढावी लागली, ती काही उगाच नव्हे.

अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे उत्तर आपल्याकडे तयारच असते, कारण त्यात कोणाचाच दोष नसतो अशी आपली समजूत आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हाही प्रथम टायर फुटल्याचेच सांगितले गेले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या मोटारीचा टायर २०१० साली फुटला, गाडी खोल चरात गेली आणि एक तरुण प्रवासी दगावला. त्याच्या कुटुंबाला मंजूर झालेल्या सुमारे सव्वा कोटीच्या भरपाईविरुद्ध विमा कंपनीने अपील केले. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ आहे, असा तिचा एक मुद्दा होता. न्या. एस. जी. दिगे यांनी तो फेटाळला. ज्यावर मानवाचा ताबा नाही अशी नैसर्गिक आपत्ती म्हणजे देवाची करणी. टायर फुटण्यामागे वेग, कमी-जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायर तपासणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय.

निकाल न्याय्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कायदा सांगतो, टायरची जबाबदारी तुमची. आणि नियम सांगतो, स्टेपनी द्यायची की नाही हे कंपनी ठरवील. जबाबदारी एकाकडे आणि साधने दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ही वाटणी आहे.

मग घ्यावे काय?

निवड गाडीच्या माहितीपुस्तकावरून नव्हे, तर आपण वर्षभर कोणत्या रस्त्याने जातो यावरून करावी. ज्यांची गाडी मुळात रनफ्लॅटवर आलेली आहे, जे मुख्यतः शहरात आणि द्रुतगती मार्गावर फिरतात, आणि ज्यांना रस्त्यात चाक बदलणे शक्य नाही, त्यांनी रनफ्लॅटच पुन्हा घ्यावेत. खर्च अधिक आहे, पण तो एका निश्चित सोयीचा आहे. ज्यांना वरचेवर गावाकडे, कोकणात, विदर्भ-मराठवाड्याच्या आडवाटांनी जावे लागते, त्यांना साधे टायर बरे. मात्र तसे करताना चारही चाकांना एकच प्रकार हवा; दोन असे आणि दोन तसे हा खेळ गाडीच्या तोलाशी होतो. डिकीत स्टेपनीची जागा नसेल तर योग्य मापाचे चाक मिळवून ते हलणार नाही असे बांधून ठेवावे. ते जमत नसेल तर मुदतीतला दुरुस्ती संच आणि जॅक तरी सोबत असावा. दाबाची यंत्रणा चालू ठेवावी, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

ज्यांची गाडी साध्या टायरवर स्टेपनीसह आलेली आहे, त्यांनी ती व्यवस्था मोडू नये. चांगला टायर, थंड असताना मोजलेली हवा आणि स्टेपनीतही भरलेली हवा, ही त्रयी आपल्या रस्त्यांवर अजून तरी अजिंक्य आहे. टायर घेताना बाजूभिंतीवरचे चार आकडे वाचायला शिकावे. ‘३५२४’ म्हणजे २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात पडू नये, एवढी दक्षता पुरेशी आहे.

पण ग्राहकाने शहाणे होणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा सरकारने पुरा करायचा आहे. जून २०२२ मध्ये मंत्रालयाने टायरचा घर्षणविरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची मानके अधिसूचित केली. म्हणजे इच्छा असेल तर नियम करता येतात. मग दाब दाखवणारी यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीला, अगदी सर्वांत स्वस्त मोटारीलाही, सक्तीची का नसावी? गाडीत स्टेपनी नाही हे विक्रीच्या पावतीवर ठळक का छापले जाऊ नये, आणि मागणाऱ्याला ती योग्य दरात देण्याचे बंधन कंपनीवर का नसावे? टोल घेणाऱ्या रस्त्यावर ठरावीक अंतरात हवा, दुरुस्ती आणि उचलून नेणारी गाडी या सोयी करारातच का नसाव्यात?

लानेलीच्या त्या दुकानदाराने एक साधी गोष्ट ओळखली होती : पंक्चर टाळता येत नाही, पण पंक्चर झालेल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचे की नाही हे ठरवता येते. आपल्या नियमांनी कंपन्यांना स्टेपनी काढून घेण्याची मोकळीक दिली. त्या बदल्यात वाटसरूला काय मिळाले, याचा हिशेब अजून कोणी दिलेला नाही.